झाली किती, राहिली किती? : राज्यातील आमदार-खासदारांना खुले पत्र

राज्यातील सर्व सन्माननीय आमदार आणि खासदार यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या गावी एका सभागृहाचं उद्घाटन झालं. निवृत्त शिक्षक म्हणून मला पुढच्या रांगेत खुर्ची होती, शाल आणि नारळही होता. आपल्यापैकीच एकांचं भाषण झालं. रस्ते, पाणी, नोकऱ्या असं सगळं आटोपल्यावर ते म्हणाले, या साऱ्याचं मूळ एकच, वाढती लोकसंख्या. दोनपेक्षा जास्त पोरं असतील त्यांचं रेशन बंद करा, मतदान बंद करा, मग बघा देश कसा सुधारतो ते. टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या. अडतीस वर्षं शाळेत पाहुण्यांच्या भाषणांना टाळ्या वाजवल्यात, हात आपोआप पुढे येतात. भाषण कोणाचं होतं ते सांगत नाही, कारण थोड्याफार फरकानं हेच भाषण मी सगळ्या पक्षांच्या मांडवात ऐकलंय.

रात्री झोप लागेना म्हणून जुनी ट्रंक उघडली. तिच्यात माझ्या वह्या आहेत. 1981, 1991, 2001 आणि 2011 अशा चार जनगणनांना मी प्रगणक होतो. कामाच्या याद्या सरकारजमा होतात, पण मला रोज रात्री दोन ओळी टिपून ठेवायची खोड होती. त्या वह्या चाळल्या आणि वाटलं, या टाळ्यांचा हिशेब एकदा आपल्याला लिहून पाठवावा.

प्रगणकाचं काम आपल्यापैकी फार थोड्यांनी जवळून पाहिलं असेल. फेब्रुवारीचे वीस दिवस घरोघर फिरायचं, तेही शाळा सांभाळून. 28 तारखेच्या रात्री बेघरांची मोजणी: एसटी स्टँडवर, देवळाच्या ओवरीत, पुलाखाली झोपलेल्यांना उठवून नाव-वय विचारायचं. मार्चच्या पहिल्या पाच दिवसांत पुन्हा एक फेरी, मधल्या काळात कोण जन्मलं, कोण गेलं ते दुरुस्त करायला. मानधन मिळायचं, उशिरा का होईना. आणि प्रत्येक घरात चहा.

लग्न झालेल्या प्रत्येक बाईला दोन प्रश्न विचारायचे असत. एकूण मुलं झाली किती? आणि आज जिवंत किती?

1991 साली वस्तीवरच्या एका घरात मी हे विचारलं. बाई ओट्यावर बसून ज्वारी पाखडत होती. नवऱ्यानं परस्पर उत्तर दिलं, "चार." मी म्हटलं, राहिली चार, पण झाली किती? तो तिच्याकडे बघायला लागला. तिनं सूप खाली ठेवलं आणि बोटांवर मोजायला सुरुवात केली. एक गोवरात गेलं होतं. एक हगवणीत. मग ती थांबली. "गुरुजी, एकाचं नावच ठेवलं नव्हतं. ते धरायचं का?" नियम असा की जन्मताना जीव असेल तर धरायचं. मी विचारलं, "रडलं होतं का?" ती म्हणाली, "रडलं होतं. एकदाच." मी लिहिलं: झाली सात, राहिली चार.

वीस वर्षांनी, 2011 ला, त्याच उंबऱ्यावर तिची सून होती. तेच दोन प्रश्न. सून म्हणाली, "दोन." मी म्हटलं, जिवंत दोन, पण झाली किती? तिला प्रश्नच कळला नाही. "म्हणजे काय गुरुजी? दोनच की." एकाच प्रश्नाला दोन रकाने कशाला, असं तिला वाटलं असणार.

महोदय, या देशात लोकसंख्यावाढीला लगाम कसा लागला, हे मला त्या उंबऱ्यावर कळलं. सातांतली चार राहतील की दोन, याची ज्या बाईला खात्री नाही, ती दोनवर थांबणार नाही. तिला कुणी अडाणी म्हणो, तिचा हिशेब चोख होता. 1971 साली देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 129 बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. आता हा आकडा 25 च्या आसपास आहे. आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघर नवजात बाळांची काळजी घ्यायला लावली आणि काही वर्षांत तिथले नवजात बालमृत्यू निम्म्याहून खाली आणून दाखवले. लोकसंख्येवरच्या भाषणात त्यांचं नाव मी कधी ऐकलं नाही. त्यांचं काम बाळं वाचवण्याचं, म्हणून ते आपल्याला दुसऱ्याच खात्यातलं वाटत असावं.

आता आकड्यांचं बघू. 1951 ला आपण 36 कोटी होतो, 2011 ला 121 कोटी. 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे चीनला मागे टाकून 142 कोटींच्या पुढे गेलो. हे भाषणात येतं. भाषणात येत नाही ते असं: 1961 ते 71 या दशकात वाढीचा वेग जवळपास 25 टक्के होता, 2001 ते 2011 मध्ये तो 17.7 टक्क्यांवर आला. या शेवटच्या दशकात देशात भर पडलेली माणसं आधीच्या दशकापेक्षा किंचित कमी भरली. 1911 ते 21 हे साथीचं दशक सोडलं तर असं पहिल्यांदाच घडलं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात दर बाईमागे मुलांची सरासरी 2.0 निघाली. महाराष्ट्रात 1.7. लोकसंख्या दीर्घकाळ जागच्या जागी राहायला 2.1 लागतात. म्हणजे ज्या कायद्याची आपण मागणी करता, तो कायदा आपल्या राज्यातल्या बायकांनी कधीच मनानं लागू करून टाकलाय.

मग गर्दी का वाढतेय? हा प्रश्न मला शिक्षक असताना पालकसुद्धा विचारत. त्याचं उत्तर त्याच घरात मिळेल. 1981 ला तिथे सासू-सासरे, तीन मुलगे आणि तीन मुली अशी आठ माणसं होती. मुली लग्न होऊन गेल्या. तिन्ही मुलांची लग्नं झाली, तीन सुना आल्या. धाकट्या दोघांनी आणि त्यांच्या पोरांच्या पिढीनं दोनचा नेम पाळला असं धरून चाला. थोरला म्हणजे ज्वारी पाखडणाऱ्या त्या बाईचा नवरा, त्याची चार. चार, दोन, दोन मिळून आठ नातवंडं. म्हातारा-म्हातारी दवापाण्यानं टिकून राहिली. आठाची सोळा झाली. पुढे प्रत्येक नातसुनेनं दोनवर थांबलं तरी घर वाढतच राहणार, कारण आई होणाऱ्या बायकांची संख्याच मोठी आहे आणि आजी-आजोबा लवकर जात नाहीत. कुणी चूक केलेली नाही, तरी घर भरतंय. याच गणितानं संयुक्त राष्ट्रांचा अंदाज असा की भारताची लोकसंख्या 2060 च्या दशकाच्या सुरुवातीला 170 कोटींच्या घरात जाऊन मग उतरू लागेल. ती वाढ घडवणाऱ्या बऱ्याचशा मुली आज जन्मलेल्या आहेत. काही माझ्या शाळेत शिकून गेल्यात. त्यांना आता कायदा करून परत पाठवता येणार नाही.

लोकसंख्यावाढीनं काही बिघडलं नाही असं मी म्हणत नाही. वेग आवरायला आपण उशीर केला आणि त्याचे परिणाम पन्नास-साठ वर्षं फेडावे लागतात, ही गोष्ट खरीच आहे. आमच्या भागात ते बघायचे असतील तर सातबारा बघावा. महाराष्ट्रात 1970-71 मध्ये सरासरी वहिवाट खातं, म्हणजे एका खातेदाराच्या कसण्यातली जमीन, 4.28 हेक्टरचं होतं. 2015-16 मध्ये ते 1.34 हेक्टरवर आलं. शेताचे फार लहान तुकडे पाडू न देणारा तुकडेबंदीचा कायदा 1947 पासून आहे, पण वाटणीला कायदा अडवू शकला नाही. कागदावर जमीन अखंड राहिली आणि शेतात दोऱ्या पडल्या. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या सातबाऱ्यावर सामाईकात चौदा नावं आहेत. पीककर्ज काढायचं तर चौदांच्या सह्या. त्यातले दोन मुंबईला, एक बहीण हक्कसोड द्यायला तयार नाही (का द्यावा तिनं?), एक चुलता वारला आणि वारसनोंद राहिली. हा मुलगा वीस गुंठ्यांचा मालक आहे. त्याच्या पणजोबाचं शिवार घोड्यावरून बघावं लागायचं असं तो सांगतो. थोडं वाढवून सांगत असेल.

पाण्याचंही तेच. 1951 ला देशात दर माणशी वर्षाला 5177 घनमीटर पाणी होतं, 2011 ला 1545. 1700 च्या खाली गेलं की पाण्याचा ताण मानतात. पाऊस काही इतका कमी झालेला नाही. भाज्य तेच राहिलं, भाजक वाढला. चौथीचं गणित आहे. मात्र इथे एक तोंडी लावणं: लागवडीच्या लहानशा हिश्शावरचा ऊस या राज्यात सिंचनाच्या पाण्याचा केवढा घोट घेतो हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, कारण आपल्यापैकी कितीतरी जण कारखान्याचे चेअरमन आहेत. टँकरच्या रांगेतल्या बाईला तिच्या तिसऱ्या पोराबद्दल बोलण्याआधी तेही बोललं जावं.

आणि नोकऱ्या. 2024 च्या पोलीस भरतीत सुमारे 17 हजार जागांसाठी 17 लाखांहून अधिक अर्ज आले. पावसात मैदानाबाहेर फूटपाथवर झोपलेली ती पोरं 1995 ते 2005 च्या आसपास जन्मलेली. त्यांच्या जन्माच्या नोंदी सरकारदरबारी होत्या. ही मुलं 2024 मध्ये विशीत असतील हे शोधायला ज्योतिषी लागत नव्हता. माणूस जन्मला की सहाव्या वर्षी शाळेत येणार, विशीत काम मागणार, साठीत औषध मागणार. इतकी आधी सूचना देऊन येणारं संकट दुसरं कुठलं असेल? अवकाळी पाऊससुद्धा इतका सभ्यपणे येत नाही.

आता जबरदस्तीबद्दल. त्यात माझा हात आहे, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

1976 साली मी नोकरीत नवा होतो, वय बावीस. आणीबाणी होती. शिक्षकांनाही नसबंदीच्या 'केसेस' आणायचं उद्दिष्ट असायचं. माझ्या नावावर दोन होत्या. वरून रोज विचारणा, पगाराचं भय. एक केस मिळाली, दुसरी मिळेना. शेवटी मी गावातल्या एका विधुराला तयार केलं. साठीच्या पुढचा माणूस, बायको जाऊन दहा वर्षं झालेली. मिळणाऱ्या पैशांसाठी आणि माझ्या शब्दासाठी तो ट्रकमध्ये बसला. शिबिरात त्याचं वय कमी लिहिलं, मीच लिहिलं. जखम चिघळली, महिनाभर खाटेवर होता. पुढे रस्त्यात भेटला की तो मलाच रामराम घालायचा. लोकसंख्येच्या प्रश्नावर त्या ऑपरेशनचा परिणाम शून्य. पण वरच्या तक्त्यात एक आकडा वाढला आणि माझा पगार निघाला.

त्या एका वर्षात देशभरात 80 लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यांत बहुतांश पुरुषांच्या. आपल्या विधिमंडळानं तर पुढे जाऊन तीन अपत्यांनंतर सक्तीनं नसबंदी करण्याचं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. 1977 मध्ये सरकार पडलं, पण खरी किंमत वेगळीच मोजावी लागली. पुरुष जे बिथरले ते आजतागायत परत आले नाहीत. 2019-21 च्या पाहणीत नसबंदी झालेल्या विवाहित बायका देशात सुमारे 38 टक्के आणि महाराष्ट्रात जवळपास निम्म्या. पुरुषांच्या नसबंदीचा आकडा देशात 0.3 टक्के. आमच्याकडे "ऑपरेशन झालंय का?" हा प्रश्न फक्त बाईलाच विचारतात. पुरुषाचं ऑपरेशन सोपं, बिनटाक्याचं, तासाभरात घरी जाता येतं, हे डॉक्टर सांगून थकले. दोन वर्षांच्या जबरदस्तीनं गेलेला विश्वास पन्नास वर्षांत भरून आला नाही. तेव्हा पुन्हा कुणी व्यासपीठावरून "सक्ती" म्हणालं की मला तो ट्रक आठवतो.

यावर आपण म्हणाल, सक्ती नको, पण अपात्रता हवी. तीही आपण करून बघितली आहे. सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालं तर ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद बंद. 2005 पासून सरकारी नोकरीला लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र. सर्वोच्च न्यायालयानं 2003 मध्ये हरियाणाच्या प्रकरणात असा नियम वैध ठरवला आहे, त्यामुळे कायद्याचा वाद मी घालत नाही. फक्त एवढंच विचारतो, हा नियम सरपंचाला लागतो, सदस्याला लागतो, आमदार-खासदाराला का लागत नाही? एका उमेदवारानं मला पारावर हाच प्रश्न विचारला होता. मी शिक्षक, उत्तर द्यायची सवय. त्या दिवशी चहा संपवून उठलो.

हा नियम घराघरांत काय करतो, ते माझ्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये आहे. पहिलीला एक मुलगी आली. वडिलांच्या जागी चुलत्याचं नाव. आणणारा बाप वेगळा, मी त्याला लहानपणापासून ओळखत होतो. तो म्हणाला, "गुरुजी, निवडणूक आहे. तेवढं चुलत्याचंच राहू द्या." दोन मुलींनंतर मुलाच्या आशेनं झालेली ही तिसरी. जन्माचा दाखला आधीच चुलत्याच्या नावावर होता, कागद पुरे होते, मी लिहिलं. चौथीपर्यंत ती मुलगी शाळेत बापाला "काका" म्हणायची. घरी काय म्हणायची, माहीत नाही.

आणि जिथे तिसरीला येऊच दिलं नाही, तिथे रजिस्टरात काहीच नाही. कुटुंब लहान हवं आणि त्यात मुलगा हवाच, या दोन हट्टांच्या मध्ये सापडल्या त्या मुली. राज्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे 2001 मध्ये 913 मुली होत्या, 2011 मध्ये 894. बीड जिल्ह्यात 807. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं आपलं राज्य देशात पहिलं, 1988 सालचं. तरी हे आकडे. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात लग्न न जमलेले तरुण मुंडावळ्या बांधून, घोड्यांवर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले. पेपरात गंमत म्हणून फोटो आला. मला गंमत वाटली नाही, कारण 2001 च्या माझ्या यादीत अशी घरं मी लिहिली होती जिथे पाठोपाठ तीन मुलगे आणि मध्ये चार-चार वर्षांची रिकामी जागा.

या सगळ्यात खेद असा वाटतो की या राज्याला हा विषय कुणी शिकवायची गरज नव्हती. र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, प्राध्यापकी गमावली, चेष्टा सोसली, पण काम सोडलं नाही. 1938 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षानं मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला. तो मोठ्या फरकानं पडला. दोघांचाही भर बाईच्या प्रकृतीवर आणि तिच्या इच्छेवर होता. दंडाची भाषा नंतर आली, आपल्या काळात.

दुसऱ्या राज्यांकडे बोट दाखवायची सवयही सोडू या. बिहारमध्ये दर बाईमागे मुलांची सरासरी 3.0 आहे म्हणून आपण नाक मुरडतो. 1992-93 च्या पहिल्या पाहणीत महाराष्ट्राची सरासरी 2.9 होती. ते लोक जिथे आज आहेत, तिथे आपण तीस वर्षांपूर्वी होतो आणि तेव्हा आपल्याला कुणी मतदानातून काढलं नाही. आपण इथवर आलो ते लसीच्या डबीनं, नर्सबाईच्या फेऱ्यांनी आणि मुलींच्या एसटीच्या मोफत पासानं. हा पास मी सर्वांत वरचा मानतो. सातवीनंतर घरी बसणारी मुलगी बारावीपर्यंत गेली की लग्न तीन-चार वर्षं पुढे जातं, पहिलं मूल पुढे जातं, आणि पिढ्यांमधलं अंतर वाढतं. 2019-21 च्या पाहणीतही राज्यात वीस ते चोवीस वयाच्या दर पाच बायकांपैकी एकीहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. लोकसंख्येची एवढीच काळजी असेल तर सकाळी साडेसहाची बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करून द्या. त्यासाठी संसदेत विधेयक लागत नाही, डेपो मॅनेजरला एक फोन पुरतो.

खासदारांसाठी एक वेगळा परिच्छेद. आपल्या जागांची वाटणी अजून 1971 च्या लोकसंख्येवर गोठलेली आहे. 1976 ला 42व्या घटनादुरुस्तीनं गोठवली, 84व्या दुरुस्तीनं 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवली. तेव्हा एका खासदारामागे सुमारे दहा लाख माणसं होती, 2011 ला बावीस लाखांवर गेली. आता ती गाठ सुटायची वेळ आली आहे. ज्या राज्यांनी पाळणा आवरला त्यांचा खुर्च्यांतला वाटा कमी होणार, हे अन्यायाचं आहे. बिहारच्या बाईच्या मताचं वजन केरळच्या बाईच्या मतापेक्षा कमी ठेवणं हेही अन्यायाचं आहे. दोन्ही एकदम खरं आहे, आणि यातून वाट काढायचं काम आपलं, ते भाषणातल्या एका टाळीच्या वाक्यात होणारं नाही. आंध्र प्रदेशानं तर नोव्हेंबर 2024 मध्ये स्थानिक निवडणुकांतला दोन अपत्यांचा नियमच काढून टाकला. तिथे आता जास्त मुलं होऊ द्या म्हणून सांगतात. चीनचं आपल्यासमोर आहेच. 1980 च्या सुमारास एकच मूल, 2016 पासून दोन, 2021 ला तीन चालतील म्हणाले, आणि 2022 पासून लोकसंख्या घटायला लागली. बाईच्या कुशीला सरकारी परिपत्रकं कळत नाहीत, निदान परत घेतलेली तरी नाहीतच.

शाळेत मी ही घट आधीच पाहिली. मी लागलो तेव्हा पहिलीच्या वर्गात पोरं दाटीवाटीनं बसायची, पाटी मांडीवर ठेवायला जागा नसायची. निवृत्त झालो त्या वर्षी पहिलीचा पट नऊ. काही इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसून गेली हे खरं, पण पाळणेही कमी झाले होते. त्याच वेळी गावात रोज सकाळी रक्तदाबाची गोळी घेणारी माणसं वाढत होती. 2050 पर्यंत देशात साठीपुढची माणसं 34 कोटींच्या वर जातील, दर पाचांत एक, असा अंदाज आहे. ही माणसं म्हणजे माझ्या 1981 आणि 91 च्या यादीतली पोरं. वाढलेल्या लोकसंख्येचा शेवटचा आणि सर्वांत लांब चालणारा परिणाम हा असेल, आणि त्याच्यावर मी अजून एकही भाषण ऐकलेलं नाही. साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरीब म्हाताऱ्याला केंद्राकडून मिळणारा पेन्शनचा वाटा महिना 200 रुपये आहे. राज्य त्यात भर घालतं म्हणून 1500 होतात. कोणत्या महिन्याचे कधी जमा होतात, ते बँकेच्या पायरीवर बसलेल्यांना विचारावं.

रेशन बंद करण्याचं म्हणालात ना? ते तर न बोलताच चालू आहे. अन्नसुरक्षेचा राज्याचा इष्टांक, म्हणजे किती माणसांना धान्य द्यायचं ती ठरवून दिलेली मर्यादा, सात कोटींच्या आसपास, 2011 च्या शिरगणतीवर बांधलेला. 2021 ची जनगणना झालीच नाही. 1881 पासून दर दहा वर्षांनी न चुकता होणारी गणना पहिल्यांदा चुकली. त्यामुळे 2015 ला लग्न झालेल्या, दोनच पोरं असलेल्या जोडप्यालासुद्धा तहसीलमध्ये सांगतात, "इष्टांक संपलाय, कुणाचं नाव कमी झालं की बघू." म्हणजे कुणीतरी मरायची वाट बघायची. ज्यांना लोकसंख्येची इतकी भीती वाटते, त्यांनी ती मोजायला सोळा वर्षं का लागू दिली, हे माझ्यासारख्या प्रगणकाला खरंच कळत नाही.

आता 2027 च्या फेब्रुवारीत मोजणी आहे. या वेळी मोबाईलवर. तेव्हा माझी विनंती एकच आहे: आपल्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी एखादा पूर्ण दिवस प्रगणकाबरोबर फिरावं. फोटोग्राफर नको, कार्यकर्ते नकोत. टोपी आणा, ऊन लागतं. चहाला नाही म्हणू नका, लोकांना वाईट वाटतं.

आमच्या वस्तीवर आलात तर ज्वारी पाखडणारी ती बाई भेटेल. अजून आहे. ऐकू कमी येतं. तिला किती मुलं झाली हे विचारू नका, ते मी 1991 सालीच लिहून दिलंय. गेल्या महिन्याची पेन्शन जमा झाली का, तेवढं विचारा. जरा मोठ्यानं.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
(प्रगणक : 1981, 1991, 2001, 2011)